करड्या शर्टांचा कोट

नोएडा
६ ऑक्टोबर २०२५

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिले असं समज आणि पुढे वाच. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, म्हणून हा कागद, कुरिअरनं.

मी बरी आहे. ऑफिसात अंकातल्या मोसमाच्या पानाची घाई चाललीय: काय घालावं, काय पाहावं, काय ऐकावं. दिल्लीत शाहपूर जाटच्या एका गाळ्यात फार देखण्या मोजड्या सापडल्या. एकीनं जुन्या रेडिओंच्या सांगाड्यांची भिंत उभी केलीय, ती पानात घेतली. एक कुमाऊंनी गायिका घेतली. कपड्यांची जागा अजून रिकामी आहे. ती तुझ्यासाठी नाही.

तुझ्या फॅशन शोबद्दल आधी धंद्याचं बोलते. लाडो सरायच्या गॅलरीत रॅम्प न बांधता मॉडेल्सना चित्रांमधून चालवलंस, ते छान. संगीत म्हणून कारखान्यातल्या प्रेसचे ठोके. थोडा वेळ बरे वाटले, मग डोकं दुखायला लागलं. सुती झगे तुझे नेहमीचेच. उन्हाळ्याच्या कलेक्शनमध्ये शेवटी कोट कशाला, असं मनात म्हणत होते, तेवढ्यात तो कोट जवळ आला.

त्यात जोडलेले मानेसरच्या कंपनीचे शर्ट मला ओळखू येणार नाहीत असं वाटलं तुला? साहेब असो की कामगार, सगळ्यांना एकच करडा रंग, वर लाल दोऱ्यानं नाव. ते नाव तू उलटं करून खांद्यावर घेतलंस. कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी गेलेल्या माझ्या नवऱ्याचं नाव, ओठ काळे रंगवलेली एक पोरगी माझ्या गुडघ्यांना घासून घेऊन गेली. शेजारची बाई म्हणाली, "कितना रॉ है ना?" मी म्हटलं, "जी."

भिंतीवर मजकूर होता: 'माझ्या भावाचे कपडे. न धुतलेले.' वा, वन्सं.

जानेवारीत तू ते घेऊन गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "वहिनी, गरजूंना देते." गरजू कोण निघालं ते कळलं. पहिल्या रांगेची खुर्ची आणि 'नक्की ये, सरप्राइज आहे' अशी चिठ्ठी पाठवणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते मी पत्रात लिहीत नाही.

शो संपल्यावर मी थांबले नाही. थेट पार्किंगमध्ये गेले.

कोट गुरुग्रामच्या कुणा संग्राहकानं घेतलाय असं ऐकलं. तो तिथे जायच्या आधी मला परत हवाय. भेट म्हणून नको, परत. कारण विचारू नकोस. आणि एवढंच सांग, ते शर्ट खरंच धुतले नव्हतेस का?

आईंना नमस्कार.

सुनेत्रा


फरीदाबाद
९ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार. आईची शुगर ठीक आहे, गुडघा ठीक नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

'गरजू' वाचून हसू आलं. बिल्कुल बरोबर. मीच होते. तू पुण्याहून यायच्या कितीतरी आधीपासून तो माझा दादा होता. बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघं एकाच पलंगावर भांडत मोठे झालो. 'माझा नवरा, माझा नवरा' काय लावलंयस?

आणि मी 'घेऊन गेले'? यार वहिनी, फोन तू केलास. दहावाही झाला नव्हता. पिशव्या बांधून दाराबाहेर ठेवल्या होत्यास. "लवकर ने, नाहीतर कचरेवाल्याला देईन," हे तुझे शब्द. मला आत ये म्हणाली नाहीस. पुढच्या सिग्नलला मी एक पिशवी उघडली. हिरवा झाला, मागे सगळे हॉर्न वाजवतायत आणि माझं तोंड पिशवीत. तेव्हाच ठरवलं की हे कुणाला देणार नाही. तुला सांगितलं ते खोटं होतं, चलो, मान्य. तू ते कुठे गेले म्हणून एकदा तरी विचारलंस?

आता पार्किंगचं. रेवती, मॉडेल्सना कपडे चढवते ती, मला म्हणाली, "दीदी, एक प्रेसवाली मैडम पीछे आई थीं. कोट में मुँह डालके खड़ी रहीं. मैंने बोला, मैम, मेकअप लग जाएगा. बोलीं, लगने दो." कॉलरच्या आत तुझी लिपस्टिक आहे, वहिनी. मी पुसलेली नाही.

नव्हते धुतले. पण शोच्या आधी सुरकुत्या काढायला रेवतीनं त्यावर वाफेची इस्त्री फिरवली. तिला नको म्हणून सांगायचं राहिलं. मी तिच्यावर ओरडले, टॉयलेटमध्ये गेले, तोंड धुतलं, बाहेर येऊन लोकांना हात जोडले. तू टाळ्या वाजवत होतीस. मी पाहिलंय.

कोट मिळणार नाही. सोमवारी जातोय. फारच हट्ट असेल तर रविवारी ये. मी नसेन, आई असेल. खालीच वर्कशॉपमध्ये पुतळ्यावर आहे, कात्री टेबलावर. तुला हवा तेवढा नवरा कापून ने. वीस वर्षं लोकांचे कपडे लिहून फाडलेस, एकदा हातानं फाडून बघ. तुझ्यानं होणार नाही. तो चांगला झालाय हे तुला कळतं, तेवढी तू खरी आहेस.

मृणाल


नोएडा
१२ ऑक्टोबर, रविवार

मृणाल,

जाऊन आले. तू घरी पोचलीस की दिसेलच, तरी माझ्या हातचं वाच.

आईंनी दार उघडलं. घरभर भाजणीचा वास होता. "चहा आधी की कात्री आधी?" म्हणाल्या. तू त्यांना सगळं सांगून गेली होतीस तर. मी म्हटलं, कात्री.

कोट चांगला झालाय. दिवसाच्या उजेडात, ते ठोके नसताना, जास्तच. या मोसमात त्याच्या शेजारी ठेवावं असं मी काही पाहिलं नाही. हे छापून येणार नाही. नात्यातलं आहे असं संपादकांना सांगून कपड्यांचा मजकूर मी यशोधनकडे दिलाय. तो नवा आहे, त्याला हवं ते लिहील. तुला हे कळावं असं मला वाटत नव्हतं, पण तू मला खरी म्हणालीस आणि पंचाईत केलीस.

पिशव्या का बांधल्या ते तुला सांगणार नव्हते. कपाट उघडलं की तो मागे उभा आहे असं वाटायचं, आणि वळले की नसायचा. दिवसातून कितीदा वळणार? म्हणून बांधल्या. तुला आत बोलावलं असतं तर तू रडली असतीस आणि मला तुला जवळ घ्यावं लागलं असतं. तेवढं माझ्यात नव्हतं. आजही नाही.

मी डावी बाही धरली आणि नुसती उभी राहिले. तुझं म्हणणं खरं व्हायची वेळ आली होती. आईंनी काठी टेबलाला टेकवली, बाहीचं टोक दोन्ही हातांनी ओढून धरलं आणि म्हणाल्या, "सैल कापडावर कात्री चालत नाही गं. हं, चालव."

चालवली. खांद्यापासून.

बाही घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाले, तर त्या तिथेच उभ्या. म्हणाल्या, "आणि माझं?"

मी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली.

"तू पिशव्या बांधल्यास, मृणालनं गाडीत घातल्या. मला कुणी विचारलं? मला तो खिसा दे. शाईचा डाग आहे तो. शाळेपासून त्याचं पेन गळायचं, आणि मी त्याला ओरडायचे."

खिसा मी कापला नाही, उसवला. वेळ लागला, टाके बारीक घालतेस. त्यांनी तो हातात घेतला, डागावर अंगठा फिरवला आणि मला म्हणाल्या, "आता चहा." आम्ही चहा घेतला.

तर कोटाला एक बाही नाही आणि छातीवर खिशाच्या जागी गडद चौकोन राहिलाय. उद्या पाठव, नको पाठवूस. त्या माणसाला काय सांगायचं ते तू बघ. माझ्या बाहीला वाफेचा आणि त्या पोरीच्या सेंटचा वास येतोय. तुला कळलंच असेल, मी पुन्हा हुंगून पाहिलं. तरी ती मी देणार नाही.

खिसा मात्र आईंकडे मागू नकोस. मागितलास तर त्या नोएडाला राहायला येणार आहेत, असं त्यांनीच मला सांगितलंय, आणि मी हो म्हटलंय.

'तुझी' असं लिहिणं मला जमणार नाही.

तुझ्या दादाची,
सुनेत्रा