आवाज ओळखल्यावर

दादा,

कोठडीतला माणूस मारहाणीने मेला, हे मी सरकारी वकील असून भर कोर्टात बोलले. नोकरी गेली, म्हणून तुझ्या साहेबांविरुद्ध निवडणुकीला उभी राहिले.

काल चौघं तोंड बांधून माझ्या कचेरीत घुसले. टाइपिस्टचा डोळा फुटला, माझ्या दोन बरगड्या मोडल्या. तेवढ्यात एकजण ओरडला, "तोंडावर मारू नका, आई बघेल!"

आईला मी जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. तुझं मनगट मोडल्याचं तिनेच मला रडत सांगितलं. तुझा आवाज ओळखल्यावरच मी लोखंडी स्टूल उचललं आणि नेम धरून तुझ्यावरच हाणलं.

हे पत्र पाठवणार नाही. लेखी कबुली देण्याइतकी मी कच्ची वकील नाही. पण उमेदवारी अर्जही मागे घेणार नाही. पुन्हा आलास, तर दुसरं मनगट आहेच.

तुझीच,
धाकटी