साबणाने बुजवलेली भोकं

दादा,

आपल्या बेटाचा डोंगर पुन्हा फुगतोय. खालून लाव्हा वर सरकतो तशी जमीन ताणली जाते आणि आपल्या परसातल्या खडकातली भेग रुंदावते. भेगेच्या दोन्ही बाजूंना मी एकेक खिळा ठोकलाय. रोज सकाळी त्यांच्यातलं अंतर मोजून वेधशाळेत कळवायचं, हे माझं काम. अंतर पाच सेंटिमीटरने वाढलं की घर रिकामं करायचं.

गल्लीतल्या सगळ्यांचे खिळे लांब गेले. आपला आकडा अकरा दिवस तसूभर हलला नाही. मला बरंच वाटलं, म्हणून मी खोलात गेले नाही. काल टेप धरताना एका खिळ्याशेजारी, भेगेपासून लांबच्या बाजूला, तीन जुनी भोकं दिसली, साबणाने बुजवलेली. कुणीतरी खिळा दर वेळी भेगेकडे सरकवला होता.

बाबांना विचारलं. ते भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तो आला आणि घर नसलं, तर जाईल कुठे?"

तू आता येणार नाहीस, हे चार वर्षांपूर्वी मला फोनवर सांगितलंस आणि बाबांना सांगायचं माझ्या गळ्यात घातलंस. ते मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी खिळा अकरा दिवस सरकवला. मी चार वर्षं सरकवतेय.

आज पहिल्या भोकापासून मोजलं आणि खरा आकडा कळवला. दुपारीच नोटीस आली. हे पत्र तुला पाठवणार नाही. तू पुन्हा म्हणशील, तूच सांग.

सामान बांधायला घेतलंय. बाबांनी सगळ्यात आधी तुझी गादी गुंडाळली. मी दोरीचं टोक धरलं, आणि त्यांनी गाठ मारली.

तुझी धाकटी