दोन पांढऱ्या खुणा

११ ऑक्टोबर

ती. बाबा,

नमस्कार. लहानपणी कड्याचा लचका तुटल्याच्या आवाजाने मी रडत उठले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "समुद्र दाराशी आलाच, तर त्याला चहा विचारू." काल तुमच्याकडे आले तेव्हा पाहिलं. तुमचा पाहुणा अंगणापर्यंत पोचलाय.

समोर बसून बोलावं, तर तुम्ही हात कानामागे नेऊन "वारा फार आहे" म्हणता. म्हणून हे पत्र.

इकडे सगळे ठीक. तुमची खोली तयार आहे, खिडकी समुद्राकडेच ठेवलीय. माझी धाकटी म्हणते, "आजोबांना खिडकी काय करायचीय? त्यांना भांडायला समुद्र लागतो!"

तुमच्या वडिलांच्या वेळी घरापुढे शेत होतं, त्याच्याही पुढे शेळ्या चरायच्या. मला आठवते ती विहीर. आता ती उघड्या कड्यातून धुराड्यासारखी उभी आहे. जिच्यात वाकायची मला बंदी होती, तिच्या तळातून उजेड दिसतो.

हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही तेच सांगायचं मी टाळतेय.

दरवर्षी तुम्ही समुद्राकडच्या भिंतीला चुना देता आणि होडीवाले ती भिंत नाकासमोर धरून आत येतात. येत होते. कड्याचं टोक ढासळलं, त्याचे दगड होड्यांच्या वाटेत पसरले. आता तुमच्या भिंतीच्या रोखाने येणारी होडी थेट त्यांच्यावर जाते. म्हणून मागच्या टेकाडावर मी पांढरा खांब बांधला. तुम्ही मागे वळून कधी बघत नाही, आणि होड्यांपर्यंत नजर आता पोचत नाही. गवंडीकाम तुम्हीच शिकवलंत. ओळंबा लावून बघा, केसभर चूक सापडायची नाही. होडीवाले गेलं वर्षभर त्या खांबाच्या रोखानेच येतात. तुम्हाला हात मात्र अजून करतात. "म्हातारबांना तूच सांग बाई," म्हणून सगळे मोकळे झाले. माझंही तोंड उघडेना.

परवा परगावची एक होडी तुमच्या भिंतीच्या भरवशावर आली. तळ फाटला. माणसं वाचली, म्हणून आज लिहायचं बळ आलं. दोन पांढऱ्या खुणा ठेवता येणार नाहीत, बाबा.

घर सोडा, असं आज म्हणत नाही. पडवीत चुन्याची पोती आलेली पाहिली. तुम्ही हे पत्र खिशात कोंबाल, "नाही" म्हणाल आणि चुना भिजवायला घ्याल. तरी मागते: या वर्षी भिंत काळी पडू द्या. खांबाला चुन्याचा दुसरा हात द्यायचा राहिलाय. तुमचा कुंचा घेऊन या.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
थोरली