गाडी, रिले आणि आईचा दम

५ जाने. सोम
सकाळी परत कंपन्यांच्या केमिकलचा वास आला. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल. आईला सातला दम लागला. तोंडात दम्याचा पंप दोनदा मारला, उतरला नाही. पप्पांनी किल्ली फिरवली तर नुसतं टक. परत टक. सहाव्या वेळेला गाडी लागली. खांदेश्वरला डॉक्टरकडे वाफ दिली तेव्हा कुठे तिच्या ओठांना रंग आला.
त्या वेळेला नावड्यात रिक्षा मिळत नाही. अँब्युलन्सची मागे एकदा वाट बघितली होती. परत नको.
येताना आई बोलली, "गाडीला पण माझाच आजार झालाय."

७ जाने.
गॅरेज. सेल्फची मोटर नवी, बॅटरी नवी, तरी कधी लागते कधी नाही. गॅरेजवाला म्हणतो आता किल्लीचा अख्खा सेट बदला. पप्पा म्हणाले, "उद्या इंजिन बदल म्हनशील."
मी मागे उभी. किल्लीकडून सेल्फला करंट पुरा पोचत नसेल, एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. बाहेरचं माणूस समोर असलं की आवाज घशातच बसतो.
नववीनंतर शाळा सोडली ती आईसाठी, असं सगळे म्हणतात. खरंय. पण आता वर्गात उभं राहून वाचायला लागणार नाही म्हणून बरं पण वाटलं होतं. हे कोणाला माहीत नाही.

८ जाने.
इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडल्या. एक सेल्फच्या बारीक वायरीला, एक बॉडीला. आई सीटवर बसून किल्ली फिरवत होती. बल्ब एकदा लख्ख, एकदा मेलेला. म्हणजे करंट किल्लीतूनच दमून येतो.
रिले, म्हणजे करंटने दाबला जाणारा स्विच, लावला तर किल्लीने फक्त तो दाबायचा. खरा करंट बॅटरीतून सरळ सेल्फला.
जेवताना पप्पांना सांगितलं. घास हातातच राहिला त्यांचा.
"कुटं शिकली हे?"
मोबाईलवर.
"जाळू नको गाडी."
म्हणजे हो.

१० जाने. शनि
स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एकटी गेले. बोलायला नको म्हणून सगळं कागदावर लिहून नेलेलं. रिले, त्याचं सॉकेट, फ्यूज, जाड वायर, वायरीच्या टोकाला लावायचं थिंबल. काउंटरवरचा एक पोरगा म्हणतो, "मॅडम, रॉकेट सोडताय काय?" सगळे हसले. दुकानाचे काका त्याला बोलले, "तुला रिलेच्या चार पिना सांगता येतात? मग गप." मला म्हणाले, "पोरी, अर्थिंगची वायर बॉडीला नीट घे. शिकलेले पण तिथंच मार खातात."
मान हलवली. थँक्यू पण नाही म्हटलं.

११ जाने. रवि
केलं!! बॅटरीकडून फ्यूजमधून जाड वायर रिलेला, तिथून सेल्फला. किल्लीची जुनी वायर रिलेला. चौथी पिन अर्थ, थिंबल लावून बॅटरीच्या बाजूला बॉडीच्या बोल्टाला. दहाचा पाना, घट्ट.
बारा वेळा किल्ली, बारा वेळा गाडी चालू. आईने वरून गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. मग खोकली.
पप्पा वॉचमनला सांगत होते, "आमच्या पोरीनं केलं. गॅरेजवाल्याला जमलं नाय." मी जिन्यात लपून ऐकलं.

१९ जाने.
आठवडा झाला. एकदा पण टक नाही. पप्पा उगाच खाली जाऊन चालू करून बघतात.

२२ जाने. गुरु
वास. आजपर्यंतचा सगळ्यात वाईट. डोळे पण जळत होते. आईला बोलता येत नव्हतं, नुसता हात हलवत होती.
किल्ली फिरवली. टक पण नाही. काहीच नाही. लाईट लागतायत आणि गाडी गप.
पप्पा स्टेअरिंगवर हात आपटत होते. रिक्षा नाही. वॉचमन आणि दूधवाल्याने धक्का मारला. गेटपर्यंत चढ आहे, दोनदा गाडी मागे आली. आई माझ्या खांद्यावर, नखं निळी. मी पंप धरला होता पण ती ओढतच नव्हती.
गेटबाहेर लागली. खांदेश्वरला डॉक्टरने बघितलं आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. आयसीयू.

२३ जाने.
आईचे कपडे घ्यायला पप्पा मला घेऊन घरी आले. ते अंघोळीला गेले तेव्हा बॉनेट उघडलं.
अर्थचा बोल्ट काढला. थिंबलच्या खाली काळा रंग. चकचकीत, जाड. लोखंडाला थिंबल टेकलंच नव्हतं, आट्यांवर जेवढं घासलं तेवढ्यावर दहा दिवस चालली.
दर दसऱ्याला पूजेच्या आधी पप्पा आतलं सगळं लोखंड काळ्या ऑइलपेंटने रंगवतात. गंज नको, पूजेला नवी दिसली पाहिजे. यंदा डबा मी धरला होता. मी धरला होता.
पॉलिश पेपरने पाच मिनिटांत लोखंड पांढरं झालं. वीस वेळा चालू केली.
पाच मिनिटं.

२५ जाने.
आईच्या तोंडात नळी. हात लावला तर बोट हलवलं, की मलाच वाटलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. आता दोन दिवस बघू.
पप्पा बाहेर बाकड्यावर, "रिलेच डुप्लिकेट दिला त्या दुकानवाल्यानं. पोरगी बघून गंडवली."
आता रोज चालू होते ना, मी म्हटलं.
"डुप्लिकेट असंच असतं. लागलं तर लागलं."
मी पाण्याची बाटली भरायला गेले.

२७ जाने. मंगळ
आई तशीच. दोन दिवसांचे आणखी दोन दिवस.
सकाळी पप्पांनी रिले उपटून काढला. म्हणाले, "चल दुकानात. तूच सांग त्याला तोंडावर. आई कुठं पडलीय ते पन सांग."
त्या काकांना.
खरं सांगितलं तर पप्पांना कळणार मी काय केलं. आणि बोल्टावर रंग कोणाचा, ते पण कळणार. मग ते दोन दिवस कसे बसतील तिथे बाकड्यावर.
नाही सांगितलं तर ते त्या काकांची कॉलर धरतील. मी बाजूला उभी.
ते अंघोळ करतायत. रिले टेबलावर आहे. बाथरूमच्या दाराशी जाऊन तीनदा "पप्पा" म्हणून बघितलं, नळाच्या आवाजात. आवाज निघतोय.
नळ बंद केला त्यांनी.