माझ्या नावची फुली

शारांत, फ्रान्स
१४ नोव्हेंबर २०२२

प्रिय डेरेक,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खोकला कमी आहे म्हणतोस, पण तुझ्या ‘कमी’वर माझा भरवसा नाही. बाबाही बोटीवरून आले की असंच म्हणायचे आणि भिंतीपलीकडे आपल्याला झोप लागायची नाही. मफलर गुंडाळल्याशिवाय गोदीकडे फिरायला जाऊ नकोस. ग्रिम्सबीचा वारा मला अजून आठवतो.

इकडे बरं आहे. यंदा अक्रोड बेताचेच उतरले. मार्सेलला भेटायला मी रोज दुपारी वृद्धाश्रमात जाते. परवा त्यानं मला, लग्नाच्या बायकोला, अगदी अदबीनं विचारलं, “बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?” मी म्हटलं, इंग्लंडची. “अरेरे,” म्हणाला आणि माझा हात थोपटला. नर्स हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र कोट न काढता बराच वेळ खुर्चीत बसून राहिले.

पावाच्या दुकानातली जोसियानही आता सोडत नाही. “काय हो मॅडम रॉझ, या आठवड्यात तुमचे पंतप्रधान कोण?” मी म्हणते, “अजून बातम्या ऐकल्या नाहीत, ऐकून सांगते.” सगळी रांग हसते. याच बायकांना मी पूर्वी ताठ मानेनं सांगायचे की आमच्याकडे मंत्री चुकला तर राजीनामा देतो. आता राजीनामे पोत्यानं येतात, लाज तेवढी कुठे दिसत नाही. सकाळी चहा घेताना तिकडचा रेडिओ लावते. कुणालाच काही सुचत नाहीये आणि सगळे जोरजोरात बोलतायत. चहा संपायच्या आत बंद करते. त्या देशाचं आता काही बरं होईल असं मला वाटत नाही, डेरेक. पूर्वी राग यायचा. आता तोही येत नाही.

तू लिहिलंस की नवीन वर्ष लागलं की कौन्सिलला भाड्याच्या घराच्या किल्ल्या देऊन टाकतो आणि कायमचा तुझ्याकडे येतो, मॉरीनच्या फोटोसाठी एक भिंत ठेव. मागची खोली मी सप्टेंबरातच रंगवून घेतली. पलंग खिडकीशी लावलाय, कारण धाप लागली की तुला उघड्या खिडकीजवळ बसावं लागतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू मला नको आहेस असं तुझ्या मनात येणार नाही.

किल्ल्या देऊ नकोस. तुला इथे राहता येणार नाही.

आपला देश युरोपातून बाहेर पडल्यापासून नव्वद दिवस राहायचं आणि निघायचं, पाहुण्यासारखं. त्याहून जास्त राहायला व्हिसा लागतो, आणि तुझं पेन्शन त्याला पुरत नाही. माझं सगळं मार्सेलच्या आश्रमात जातं, त्यामुळे माझी हमी कुणी धरत नाही. नगरपालिकेतल्या बाईंना म्हटलं, “अहो, सख्खा धाकटा भाऊ आहे माझा, बायको गेलीय त्याची.” त्या म्हणाल्या, “मॅडम, नवरा असता, मूल असतं, आई असती, तर काही करता आलं असतं. भाऊ त्यात बसत नाही.” मी भांडले. म्हातारी भांडायला लागली की हे लोक तिला बसायला खुर्ची देतात आणि प्यायला पाणी देतात. पाणी पिऊन परत आले.

मग तूच ये म्हणशील. मार्सेलला इथे टाकून कशी येऊ? आणि त्याला घेऊन आले, तर हा फ्रेंच म्हातारा कशाला आणलात, असं आपलेच लोक दारात विचारतील.

इथवर लिहून उठले होते. पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, वर्षभर तेच ठरवत आले.

सोळा सालच्या जूनमध्ये युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, याचं मतदान झालं. इथलं टपाल वेळेवर पोचेल याची खात्री नव्हती, म्हणून माझ्या वतीनं तू मत टाकशील असं मी निवडणूक कचेरीला कळवलं. “तुझं तू हवं तिकडे टाक,” मी फोनवर म्हटलं, “माझं मात्र राहण्यावर.” तू म्हणालास, “हो गं बाई, कळलं. किती वेळा सांगशील?” निकालानंतर म्हणालास, “मी तुझं काम केलं, रॉझी, पण एका मतानं काय होतंय?” आणि मी तुझे आभार मानले.

गेल्या हिवाळ्यात मॉरीन हॉस्पिटलात होती. तू खाली सँडविच आणायला गेलास, तेव्हा ती म्हणाली, “रॉझ, त्यानं तुझीही फुली बाहेर पडण्यावरच मारली गं. मतदान केंद्रातल्या पेन्सिलीची फुली मागाहून खोडतात, असं क्लबातल्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून घरून पेन घेऊन गेला. मी म्हटलं, निदान तिचं तरी तिच्या मनासारखं कर. तर म्हणतो, तिला काय कळतंय, तिकडे वाईन पीत बसलीय. युरोपच्या मासेमारीच्या नियमांपायी बाबांची बोट कशी गेली ते विसरली ती.” मग तू आलास आणि अंड्याच्या सँडविचमधलं अर्धं मला दिलंस. मी ते खाल्लं.

बोट मी विसरले नाही. तुझा राग खरा होता, आणि लंडनमध्ये तो कधी कुणी ऐकून घेतला नाही, हेही खरं. तुझ्या मताला मी नावं ठेवत नाही. पण बाबा मतदानाला लग्नातला कोट घालून जायचे आणि कुणाला मत दिलं ते आईलासुद्धा सांगायचे नाहीत. दुसऱ्याच्या कागदाकडे बघायचं नाही, एवढं एक त्यांनी आपल्याला शिकवलं होतं. माझं मत माझं होतं रे.

एका मतानं काही फिरलं नसतं. ही खोली रिकामीच राहिली असती आणि तू तिकडेच खोकत बसला असतास. फक्त ‘येऊ नकोस’ हे लिहिताना, हे माझ्याच नावानं झालंय, असं मला वाटलं नसतं.

उन्हाळ्यात नव्वद दिवस ये, असं लिहिणार होते. मग तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. तुझ्या ओळी आताशा खाली उतरत जातात. उन्हाळा लांब आहे हे तुलाही कळतंय.

एकच विचारते. त्या दिवशी मॉरीन केंद्राबाहेर उभी होती, म्हणून पुढचं तिला माहीत नव्हतं. तुझ्या कागदावर तू पेनानं फुली मारलीस. माझ्या कागदावर मारतानाही पेनच धरलंस, की दोरीला बांधलेली ती पेन्सिल घेतलीस? खोडली तर खोडू दे, असं क्षणभर तरी तुझ्या मनात आलं का?

पेन्सिल असेल तर कळव. पेन असेल तर पूर्वीसारखंच खोटं सांग, मी विश्वास ठेवीन.

मागच्या खोलीची खिडकी रोज सकाळी उघडते.

तुझी,
रॉझी