होज मिळाला, रविवार गेले

शनिवार, संध्याकाळ. मुलुंड.

होज मिळाला. आग विझवायला वापरतात तो पाइप, जुना, कॅनव्हासचा. बाल्कनीत गुंडाळ्यांचा ढीग पडलाय आणि घरभर कुबट वास सुटलाय.

रिमोटच्या गाड्यांचा ट्रॅक आखायला काय काय करून बघितलं आम्ही मित्रांनी! फक्की वाऱ्याने उडाली. दोरी चाकात अडकली. विटेला आपटून नीलेशच्या गाडीचा बंपर गेला. होज मात्र झकास. चपटा पडून राहतो, हवा तसा वळतो, गाडी वर चढली तरी काही तुटत नाही. आणि फुकट.

फुकट कसला! अंधेरीच्या ऑफिसात आमचे मेंटेनन्सचे सुपरवायझर, सावंतसाहेब, म्हणाले, "घेऊन जा रे, भंगारातच जाणार होता. फक्त दिवाळीपर्यंत माझी रविवारची ड्यूटी तू बघ." मी लगेच हो म्हणालो. डोळ्यांसमोर नुसता ट्रॅक होता. रेस रविवारीच असते, हे जिना उतरताना आठवलं. खांद्यावर होज घेऊन परत वर जायचं आणि नाही म्हणायचं? थोडा वेळ तिथेच थांबलो. मग खाली उतरलो.

मघाशी नीलेशचा फोन. "यार, कमाल केलीस तू! उद्या सकाळी ट्रॅक टाकू. पहिली लॅप तुझीच."

ड्यूटीचं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा हो म्हणालो. काय माणूस आहे मी?

हाताला अजून तोच कुबट वास. गाडीची बॅटरी चार्जिंगला लावलीय, सवयीने. सकाळी नीलेश होज न्यायला येईल, तेव्हा दार मी ड्यूटीच्या युनिफॉर्ममध्ये उघडेन.