सायगॉनच्या देवळातलं इष्टलिंग

उमरगा, १९४७

इरम्माकाकूंना बलभीमचा दंडवत.

काल बाजारात तुम्ही विचारलंत, "माझ्या शांतलिंगला बसवून माती दिली का रं?" भर बाजारात सांगण्यासारखं ते न्हाय, म्हणून हे लिहितोय.

न्हाय काकू. गोऱ्या सायबानं आमची पलटण समुद्रापार तिथल्या बंडखोरांवर धाडली होती; त्या सायगॉनच्या लढाईत त्याच्यासंगं आमची बरीच माणसं पडली. म्या सुभेदाराला म्हणलं, "ह्यो लिंगायत हाय, ह्यांच्यात पुरतात." त्यो म्हणाला, "थांबलो तर आपणबी मरू." सगळ्यांवर एकदमच पेट्रोल ओतलं. त्याआधी शांतलिंगच्या गळ्यातलं इष्टलिंग तेवढं म्या सोडवून घेतलं.

पुढं तिथल्या एका लई जुन्या बुद्धाच्या देवळात गेलो. आत मांडी घालून बसलेली मूर्ती होती. तुमच्यात माणसाला शेवटी असंच बसवतात, हे आठवलं आन् मुठीतलं लिंग म्या मूर्तीपुढं धरलं. आमच्या पलटणीनं त्या मुलखातल्या लोकांची घरं जाळली होती, तरी तिथल्या म्हाताऱ्या भिक्षूनं मला हाकललं न्हाय. लिंग त्यानं दोन्ही हातांनी घेतलं. देवळामागं भिक्षूंच्या समाध्यांजवळ खड्डा केला आन् मला त्यात ठेवायला लावलं. माती मात्र त्यानंच लोटली.

हे पत्र तुमच्या घरी वाचणार कोण? वाचता येतं ते एकट्या महादेवीला. नवरा कसा जळाला, हे तिनं स्वतःच्या तोंडानं तुम्हाला वाचून दाखवायचं? म्हणून टपालात टाकत न्हाय. उद्या ती पाण्याला गेली की म्याच येतो.

तुमच्या लेकाचा सोबती,
बलभीम